मृगाआधी टायर बदलताय? आधी आपला रस्ता बघा

मे सरत आला की मराठवाड्यातल्या टायरच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो, "पावसाळ्यासाठी कोणता टायर टाकू?" दुकानदार गाडीचं नाव विचारतो, साइझ बघतो आणि रॅकवरचा टायर खाली काढतो. गाडी कुठं फिरते, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. टायर मात्र गाडीपेक्षा रस्त्यावरून ठरवायचा असतो. पहिलीच दुचाकी किंवा पहिलीच कार घेतलेल्यांनी दुकानात जाण्याआधी आणि दुकानात उभं असताना काय बघायचं, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी आपल्याकडचा ओला रस्ता समजून घ्या

आपल्याकडं पाऊस कोकणासारखा सलग नसतो. दोन-चार दिवस झड लागते, मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो आणि पुन्हा एका रात्रीत ओढे भरून वाहतात. खंडाच्या दिवसांत डांबरावर धूळ, डिझेल-ऑइलचे थेंब, घासलेल्या रबराची पूड असं सगळं साचतं. पुढची सर आली की तिचं पहिलं पाणी ही घाण धुऊन नेत नाही, नुसती भिजवतं. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिली पंधरा-वीस मिनिटांची भुरभुर दुचाकीला जास्त घातक. रस्ता पुरता धुऊन निघाला की पकड पुष्कळ सुधारते.

दुसरा ओला रस्ता मोठ्या महामार्गांचा. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो आणि तिथं कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा वेगात चिखलापेक्षा साचलेल्या पाण्याची भीती असते. त्याचा हिशेब पुढं येईल.

तिसरा रस्ता अस्सल आपला, काळ्या मातीचा. आपल्या काळ्या रानातली माती पाणी शोषून फुगणारी आणि कमालीची चिकट. पाणंदीत ओली माती चाकाला एकदा धरली की सुटत नाही, थरावर थर चढत जातो. दुचाकीचं पुढचं मडगार्ड टायरला लागून असेल तर मधली फट भरते, माती ठोकल्यासारखी घट्ट बसते आणि गाडी चालू असूनही पुढचं चाक फिरत नाही. मग उतरायचं, पऱ्हाटीचं किंवा तुरीचं वाळकं खोड शोधायचं आणि मडगार्डखालून माती उकरत बसायचं. शेताच्या वाटेवर हा कार्यक्रम कुणाला चुकलेला नाही.

पण खरा धोका पाणंद संपून डांबर लागल्यावर सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांची माती डांबरावर सांडत जातो. पुढं गळीत हंगामात उसाच्या ट्रेलरमागं तेच चालतं. त्या मातीवर चार थेंब पडले की रस्ता साबण लावलेल्या फरशीसारखा होतो. खाली घट्ट डांबर आणि वर बोटभरही नसलेला निसरडा थर. कोरड्या डांबरावरून येणाऱ्या माणसाला तो दिसतो तेव्हा ब्रेक लावायला उशीर झालेला असतो.

पायरी १: आपली धाव कागदावर मांडा

वहीचं पान घ्या आणि आठवड्यातली धाव ढोबळ लिहा. डांबर किती, सिमेंटचा महामार्ग किती, कच्चा रस्ता किती. सगळ्यांत वाईट तुकडा कोणता आणि तो कोणत्या वेळी लागतो, तेही लिहा. औशाहून लातूरला रोज नोकरीला जाणारा आणि रविवारी शेतात चक्कर मारणारा माणूस स्वतःला "शेतकऱ्याची गाडी" समजतो आणि बटण टायर, म्हणजे सुट्या उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर, टाकून घेतो. प्रत्यक्षात त्याची जवळपास सगळी धाव डांबरावर असते. त्याला ओल्या डांबरावर धरणारा टायर हवा. रविवारी पाणंद ओली असेल तर गाडी डांबराच्या कडेला लावून शेवटचा तुकडा पायी जायचा. ऐकायला आळशीपणाचा सल्ला वाटेल, पण ओल्या काळ्या रानात कोणताही टायर फार काळ टिकाव धरत नाही.

पायरी २: आहे तो टायर नीट बघा

नवा घेण्याआधी जुन्याची तपासणी करा, कदाचित खर्च वाचेलही.

टायरच्या नक्षीतल्या मुख्य खाचांत तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या बाजूवर बाण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. रबर झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आलं, म्हणजे कारचा टायर संपला. कारसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. नव्या कार टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात १.६ ची वाट बघूच नये. कोरड्यात ठीक चालणारा टायर ३ मिलिमीटरच्या खाली गेला की ओल्यात झपाट्यानं बिघडतो, कारण पाणी बाहेर काढायला खाचेत जागाच उरत नाही. आगपेटीतली काडी खाचेत उभी धरा, नखानं खूण करा, पट्टीवर मोजा. खोली एका ठिकाणी न मोजता आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा.

मधलाच पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. एकाच बाजूची कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय. ते न सुधारता नवा टायर टाकला तर तोही त्याच वाटेनं जाईल.

त्यानंतर बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात का बघा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. धाव कमी असली तरी रबर कडक पडतं. नक्षी शाबूत, पण रबर नखानं दाबलं तर लाकडासारखं लागतं, असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतोच. पाच-सहा वर्षं झालेला टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षं झालेला टायर कितीही चांगला दिसो, काढून टाकावा. भिंतीवर फुगा आला असेल तर विचारच करू नका, आतले धागे तुटलेत. तो टायर त्याच दिवशी उतरवा.

पायरी ३: बाजूवरचे आकडे वाचायला शिका

कारच्या टायरवर समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतल्या धाग्यांची एक रचना), १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. एच हे वेगाचं अक्षर, ताशी २१० किलोमीटरपर्यंत. टी असेल तर १९०. दुचाकीवरही असंच असतं: १००/९०-१७ ५५ पी म्हणजे २१८ किलो भार आणि १५० चा वेग.

कंपनीनं दिलेल्या साइझपेक्षा रुंद टायर टाकायची हौस पोरांना फार. चिखलाच्या आणि ओल्या रस्त्याला ती उलटीच पडते. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळं तो पाण्याचा थर फोडायला कमी पडतो. वर मडगार्डमधली फटही कमी होते. भाराचा आणि वेगाचा निर्देशांक कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी तर मुळीच घेऊ नका.

आता तारीख. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. ही चौकट बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि टायर बसवून झाला की नेमकी आतल्या बाजूला जाते. म्हणून बसवायच्या आधी बघायची. काउंटरवर संवाद साधारण असा होतो.

"काका, तारीख दाखवा की याची."

"नवाच हाय ओ दादा, कालच माल आलाय."

माल काल आला असेल, पण बनला कधी ते टायरवर लिहिलेलं असतं. टायर स्वतः हातात घेऊन फिरवून बघा. वर्षाच्या आतला असेल तर निवांत घ्या. दोन वर्षांपूर्वीचा आणि दुकानाबाहेर उन्हात टांगलेला असेल तर दुसरा मागा. दुकानदार थोडा चिडेल, पण टायर बदलून देईल. वाळूजच्या एमआयडीसीत गुडइयर आणि बीकेटीचे कारखाने आहेत, म्हणून आपल्या भागात माल ताजाच मिळतो असा एक समज आहे. टायर जवळ बनला म्हणून गोदामात पडून राहत नाही असं थोडंच आहे? चौकट बघायचीच.

पायरी ४: नक्षी निवडा

दुचाकीसाठी बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात. रस्त्याची नक्षी, दोन्हीकडं चालणारी नक्षी आणि बटण टायर.

बटण टायर दिसायला दणकट. मुरमाड रस्त्यावर, वाळूत, मोकळ्या मातीत तो खरंच धरतो, कारण बटणं जमिनीत रुततात. ओल्या डांबरावर मात्र बटणांना रुतायला काही नसतं. जमिनीला टेकणारं रबर कमी पडतं, ब्रेक लावला की बटणं वाकतात आणि थांबायचं अंतर वाढतं. काळ्या चिखलात तर बटणांमधल्या खाचा दोन-तीनशे फुटांतच भरतात, आणि मग बटण टायर आणि गोटा झालेला टायर यांत फरक उरत नाही. चिखल झटकायला चाकाला वेग लागतो. पाणंदीत तो वेग मिळत नाही.

रोज डांबर आणि मधूनमधून मुरूम अशी ज्याची धाव आहे, त्यानं दोन्हीकडं चालणारी नक्षी घ्यावी. ठोकळे मोठे, त्यांच्यामधल्या खाचा रुंद पण मधला पट्टा बऱ्यापैकी सलग, असं ते डिझाइन असतं. नुसतं डांबर असेल तर रस्त्याचीच नक्षी. खाचा मधून कडेकडं तिरक्या गेलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी बाहेर ढकललं जातं. शेतात जावंच लागत असेल तर टायरच्या आधी मडगार्ड बघा. पुढचं मडगार्ड टायरपासून उंच असलेली गाडी चिखलात जास्त वेळ चालते, हा फरक कोणत्याही नक्षीपेक्षा मोठा आहे.

कारवाल्यांना एवढा घोळ नाही. साध्या गाडीला कंपनीच्या साइझचा रस्त्याचा टायर पुरतो. मोठ्या एसयूव्हीला 'एटी' म्हणजे सगळीकडं चालणारे आणि 'एमटी' म्हणजे चिखलाचे टायर मिळतात. रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला एमटी टाकणं हा निव्वळ देखावा. आवाज करतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्या डांबरावर उशिरा थांबतो.

दुकानात "हा टायर साठ हजार चालतो" हे हमखास ऐकवलं जाईल. जास्त चालणारं रबर बहुधा कडक असतं आणि कडक रबर ओल्यात कमी धरतं. दोन्ही हातात लाडू मिळत नाही. पावसाळ्यात रोज फिरणाऱ्यानं पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालणारा पण मऊ टायर घ्यावा, असं मी सांगेन. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर ट्रकच्या मागच्या धुरीला चालतो. दुचाकीला आणि कोणत्याही गाडीच्या पुढच्या चाकाला नको.

खिळ्यांच्या टायरचं काय?

हल्ली व्हिडिओ बघून कुणीतरी विचारतंच, "बर्फात चालणारे खिळ्यांचे टायर इकडं चिखलाला चालतील का?" चालणार नाहीत, आणि कारण समजलं तर टायरची निवडही समजते.

त्या टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या बारीक पिना बसवलेल्या असतात, रबराबाहेर जेमतेम मिलिमीटरभर आलेल्या. कडक, गुळगुळीत बर्फावर गाडीच्या वजनानं त्या टोचतात आणि धरतात. शून्य अंशाच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो तेव्हा त्यांचा फायदा सगळ्यांत जास्त. चिखल मऊ असतो, त्यात पिना टोचून धरायला काही नाही. नुसत्या ओल्या डांबरावर तर त्या पिना रबराला नीट टेकू देत नाहीत, थांबायचं अंतर थोडं वाढतंच, शिवाय डांबर खरवडलं जाऊन धूळ उडते. जर्मनीनं १९७५ सालापासून असे टायर बंद केले, जपाननं धुळीच्या त्रासामुळं १९९० च्या सुमारास. आपल्याकडं रस्त्यावर बर्फ दिसतो तो गारपिटीचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात कित्येक ठिकाणी रस्ते पांढरे झाले होते. अशा वेळी टायरचा विचार सोडा, सुरक्षित आडोशाला गाडी थांबवा.

मात्र नांदेड-लातूरची बरीच पोरं आता नोकरी-शिक्षणासाठी स्वीडन, नॉर्वे, फिनलंडला जातात. तिथं गाडी घेतली की हा प्रश्न खरोखर समोर येतो. तिथंही पायरी १ चीच वही काढा. शहरात राहणार, रस्त्यावरचा बर्फ वेळेवर हटवला जातो, मीठ टाकलं जातं आणि रस्ता बहुतेक ओला किंवा कोरडा असतो, तर खिळे नसलेला मऊ रबराचा हिवाळी टायर बरा. गावाकडं राहणार, रोज लवकर निघणार आणि रस्त्यावर गोठलेला, घासून चकचकीत झालेला बर्फ असणार, तर खिळ्यांचा. खूप कडक थंडीत बर्फ खरखरीत होतो, तेव्हा दोघांतला फरक कमी होतो.

नियमही बघा. स्वीडनमध्ये हिवाळी परिस्थिती असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर सक्तीचे, खिळ्यांना १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल परवानगी. तरीही स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर खिळ्यांची गाडी नेता येत नाही. नॉर्वेत ऑस्लोमध्ये खिळ्यांच्या टायरसाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या तिन्ही देशांत हिवाळ्यात खाच किमान ३ मिलिमीटर लागते. खरेदी करताना भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. आणि खिळ्यांचे घेतले तर चारही चाकांना घ्यायचे. दोनच बसवले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं.

लेह किंवा मनालीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी टायर बदलत बसण्यापेक्षा आपल्या साइझच्या चाकांवर चढवायच्या साखळ्या न्याव्यात आणि त्या कशा बसवायच्या ते घरी अंगणात एकदा करून बघावं.

पायरी ५: बसवून घेताना

फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो गाडी पुढं जाताना चाक फिरतं त्याच बाजूला हवा. उलटा बसला तर खाचा पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी मध्ये गोळा करतात. ट्यूबलेस टायर असेल तर व्हॉल्व्हही नवा घ्या, तो स्वस्त असतो. कारचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी उरकून घ्या.

चार घ्यायची ऐपत नसेल आणि दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागं बसवा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पुन्हा हातात येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि नवख्याला ती सावरता येत नाही. दुकानदार बहुधा उलटं सांगेल, तरी आग्रह धरा.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ थोडा उरलेला असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर वळणावर आणि ब्रेकवर सांभाळून. दुचाकीला हे फार महत्त्वाचं, त्यामुळं टायर मृगाच्या सरी पडायच्या आधीच बदला.

पायरी ६: हवा

हवेचा आकडा पंक्चरवाल्याला विचारू नका. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा दुचाकीच्या चेन कव्हरजवळ लिहिलेला असतो. हवा टायर थंड असताना, सकाळी तपासायची. उन्हाळ्यात "गरम होऊन फुटेल" म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत आपल्याकडं फार पसरली आहे. ती उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो.

आता समृद्धीच्या पाण्याचा हिशेब. वेगात खाचांना पाणी बाहेर टाकायला वेळ पुरत नाही, पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून काही होत नाही. १९६० च्या दशकात नासानं विमानांच्या टायरवरून काढलेला ढोबळ हिशेब असा, की झिजलेला टायर आणि पुरेसं पाणी असेल तर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला साधारण ताशी ९५ किलोमीटरला गाडी तरंगू लागते. हवा २० वर आली असेल तर ७५ लाच. कारचे टायर विमानाचे नव्हेत, पण दिशा तीच. १२० ची मुभा कोरड्या रस्त्यासाठी समजा. स्टेअरिंग हलकं लागलं तर ब्रेक न मारता, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला.

चिखलातून निघण्यासाठी कुणी हवा कमी केली असेल तर डांबर लागताच पंप लावून भरून घ्या. आणि डांबरावर येताना दुचाकी बांधाला थांबवून टायरच्या कडा काडीनं साफ करा. वळताना टेकतात त्या कडाच.

गडबडीत राहून जाते ती स्टेपनी. चार नवे टायर टाकून घेतल्यावर तिचीही तारीख आणि हवा बघून घ्या. ती बऱ्याचदा गाडीइतकीच जुनी असते. डिक्कीतला जॅक चालतो का, तेही दुकानातच करून बघा. काळ्या मातीत जॅक खाली रुतत जातो, म्हणून एक फळीचा तुकडा त्याच्यासोबत ठेवून द्या.